गाळलेल्या ओळी

एका तालुक्याच्या गावी कौस्तुभ नावाचा एक मुलगा राहत होता. होता नववीत, पण शिकत होता दोन शाळांत. एक शाळा अकराला भरायची आणि पाचला सुटायची. दुसरी त्याच्या मोबाइलमध्ये होती. ती सुटतच नसे.

त्या दुसऱ्या शाळेत विषय एकच, ऑनलाइन पोकर. हा पत्त्यांचा खेळ. पडद्यावरच्या टेबलाभोवती सहा-सात जण बसतात. कोण कुठल्या गावचा, कुठल्या देशाचा, कोणाला ठाऊक नसतं. प्रत्येकाला आपले दोन पत्ते दिसतात, दुसऱ्याचे दिसत नाहीत. कौस्तुभ पैसे लावत नसे. नुसत्या खेळातल्या खोट्या चकत्या, ज्यांना चिप्स म्हणतात, त्या इकडच्या तिकडे व्हायच्या. घरातला रुपया हलला नाही, म्हणून घरच्यांना शंकाही आली नाही. मार्कही बरे पडत होते. अभ्यास तासाभरात उरकायचा आणि टेबलावर जाऊन बसायचं. "दोन्ही जमतंय की मला," असं म्हणून तो स्वतःच स्वतःची पाठ थोपटायचा.

हे सगळं जमत होतं ते एका कसबाच्या जोरावर. पोकर खेळणारे त्याला ब्लफ म्हणतात. हातात फालतू पत्ते असले तरी हुकमी पत्ते आल्याच्या रुबाबात चाल करायची. समोरचे बिचकतात आणि आपले पत्ते टाकून देतात. मग डाव आपला. शिवाय सगळ्यांनी पत्ते टाकले की आपले पत्ते कोणाला दाखवावे लागत नाहीत. हा नियम कौस्तुभला फार आवडायचा. इतका, की हळूहळू त्याने तो खऱ्या शाळेतही लागू केला. अर्धवट गृहपाठाची वही तो अशा ऐटीत पुढे करायचा, की बाई न उघडताच सही करायच्या. आईने हाक मारली की "वाचतोय" म्हणायचा. कोणी कधी पत्ते मागितले नाहीत. आपण पकडले जात नाही म्हणजे आपण हुशार, अशी त्याची समजूत झाली. ही समजूत फार गोड असते आणि फार महागात पडते.

कौस्तुभचं अक्षर मात्र खरोखर सुरेख होतं. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या हाताचं वळण पोरात उतरलं होतं. स्मरणशक्तीही तशीच. एकदा ऐकलेलं तो जसंच्या तसं म्हणून दाखवायचा. म्हणून मुख्याध्यापकांनी त्याला सुमेधाचा लेखनिक नेमलं.

सुमेधा दहावीत होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळतो. विद्यार्थ्याने सांगायचं, लेखनिकाने लिहायचं. लेखनिक खालच्या वर्गातला असावा लागतो, त्याचं नाव आधी मंजूर करून घ्यावं लागतं आणि ऐनवेळी ते सहजासहजी बदलता येत नाही. सुमेधाच्या आईने, शोभाकाकूंनी, दहावीची सगळी पुस्तकं स्वतःच्या आवाजात मोबाइलवर वाचून ठेवली होती. पोळ्या लाटताना वाचलं, तापात वाचलं, घसा बसला तरी वाचलं. सुमेधाने ते ऐकून ऐकून पाठ केलं होतं. तिला जिल्ह्याच्या कॉलेजात जायचं होतं. तिथे मुलींचं वसतिगृह होतं, पण जागा मोजक्याच होत्या आणि त्या मार्कांवर मिळत. तिची सगळी मदार मराठीवर होती.

दिवाळीपासून दर रविवारी दोघांनी सराव केला. ती सांगायची, तो लिहायचा. उत्तर संपलं की ती म्हणायची, "वाच." तो वाचायचा. एक शब्द इकडचा तिकडे झालेला नसायचा.

"तू लिहितोस ना, म्हणून मी निवांत असते बघ," सुमेधा एकदा म्हणाली. कौस्तुभला तेव्हा मनापासून बरं वाटलं. तो काही वाईट मुलगा नव्हता.

मार्च महिना आला. मराठीचा पेपर पहिला होता. नेमक्या त्याच दिवशी दुपारी अडीच वाजता पोकरच्या मोठ्या स्पर्धेची शेवटची फेरी होती. हजारो खेळाडूंतून सात जण उरले होते आणि त्या सातांत कौस्तुभ होता. वेळेवर जो येणार नाही, तो बाद. कौस्तुभने मनाशी जुळवाजुळव केली. पेपर अकरा ते दोन. सुमेधाला एक तास जास्तीचा मिळणार होता, पण सरावात ती नेहमी दोनच्या आत आटपायची. म्हणजे हेही जमणार होतं.

त्या दिवशी सुमेधा दोनच्या आत आटपली नाही. परीक्षा खरी होती, म्हणून ती प्रत्येक उत्तर तोलून सांगत होती. दोनला दहा कमी असताना निबंध राहिला होता. विषय होता, शाळेच्या घंटेचं मनोगत. कौस्तुभने तो वाचून दाखवला आणि सुमेधाचा चेहरा उजळला.

"हा तर माझाच विषय आहे रे," ती कुजबुजली.

ती सांगू लागली. "मी शाळेची घंटा. मला मुलांचे चेहरे ठाऊक नाहीत, पण पावलं सगळ्यांची ठाऊक आहेत. सकाळी येणारी पावलं जड असतात. संध्याकाळी तीच पावलं हलकी होऊन पळतात. एका मुलीची पावलं मात्र दोन्ही वेळा सारखीच पडतात, मोजून. तिची काठी माझ्या आधी वाजते."

असं ती थांबत थांबत सांगत होती. भिंतीवरचं घड्याळ कौस्तुभच्या अगदी समोर होतं. काटा दोनकडे सरकत होता. असंच चाललं तर पावणेतीन होणार होते.

म्हणून कौस्तुभने पहिल्याच वाक्यांपासून चाल केली. ती पाच वाक्यं सांगायची, तो तीन लिहायचा आणि म्हणायचा, "हं, पुढे." गाळायची वाक्यंही त्याने अचूक निवडली. जी कुठल्याच गाइडमध्ये सापडली नसती, जी फक्त सुमेधालाच सुचली असती, ती गाळली. पावलं गेली. काठी गेली. कोणीही लिहावा असा एक निबंध कागदावर उरला.

सव्वादोनला निबंध संपला. सुमेधा म्हणाली, "वाच."

कागदावर नजर ठेवून कौस्तुभने सगळं वाचून दाखवलं. लिहिलेलं वाचलं आणि न लिहिलेलंही वाचलं. पावलं वाचली, काठी वाचली. आवाज जरासुद्धा कापला नाही. पलीकडे बसलेल्या पर्यवेक्षक बाईंनी कौतुकाने मान डोलावली.

अजून पाऊण तास सुमेधाच्या हातात होता. पण ती एवढंच म्हणाली, "देऊन टाक पेपर."

बाहेर पडताना तिने नेहमीसारखं त्याचं कोपर धरलं. जिन्यापाशी आल्यावर ती थांबली.

"ताई, मला जरा घाई आहे."

"ठाऊक आहे. निबंध सुरू झाल्यापासून ठाऊक आहे," सुमेधा म्हणाली. "मी एकोणचाळीस ओळी सांगितल्या. तू चोवीस लिहिल्यास."

सवय मोठी चिवट असते. कौस्तुभ म्हणाला, "छे! सगळं वाचून नाही का दाखवलं?"

"ओळ संपली की तुझं मनगट कागदावरून घासत मागे येतं. दिवाळीपासून ऐकतेय मी. माझ्या किती शब्दांनी तुझी एक ओळ भरते, तेही पाठ झालंय. आज ते चोवीस वेळा आलं."

आता कौस्तुभकडे चाल उरली नाही. तो म्हणाला, "मग तिथेच का नाही बोललीस?"

"बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी तुला उठवलं असतं. उरलेले पेपर मी कोणाच्या हाताने लिहू?" सुमेधा म्हणाली. "आणि तुला पुन्हा लिहायला सांगितलं असतं, तरी तू काय लिहितोस ते मला कसं दिसणार होतं? मला वाटलं, वाचताना थांबशील. म्हणशील, ताई, काहीतरी राहिलंय. तू थांबलाच नाहीस रे."

फाटकाशी शोभाकाकू उभ्या होत्या. "कसा गेला गं?" त्यांनी विचारलं.

"बरा गेला, आई," सुमेधा म्हणाली आणि आईचा हात धरून निघून गेली.

कौस्तुभ धावत घरी गेला. अडीचला तो टेबलावर हजर होता. एका डावात त्याला दुर्री आणि सत्ती आली. याहून फालतू पत्ते नसतात. त्याने चिप्सचा सगळा ढीग पुढे सारला. सहाच्या सहा जणांनी मुकाट्याने पत्ते टाकले. त्याला काही दाखवावं लागलं नाही. पडद्यावर सोनेरी कागदाचे तुकडे उडाले, टाळ्या वाजल्या. आणि कौस्तुभला सुमेधाचं "देऊन टाक पेपर" आठवलं. तिनेही पत्तेच टाकले होते. पण हे सहा जण खेळायला आले होते. सुमेधा खेळायला आली नव्हती. पुढे त्या स्पर्धेत तो तिसरा आला की चौथा, हे त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

दोन दिवसांनी हिंदीचा पेपर झाला. कौस्तुभने तिचा शब्दन् शब्द लिहिला. पहिलं उत्तर संपल्यावर तो वाट बघत राहिला. सुमेधा "वाच" म्हणाली नाही. दुसऱ्या उत्तरालाही नाही. त्याचं लक्ष तिच्या मांडीवरच्या हाताकडे गेलं. त्याची एक ओळ संपली की तिचं एक बोट दुमडत होतं. शेवटपर्यंत ती तशीच मोजत राहिली. जिना उतरताना तिने त्याचं कोपर धरलं नाही. भिंतीला हात लावून एकेक पायरी ती एकटी उतरली. त्याला कोणी चारचौघांत थोबाडलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

घरी येऊन त्याने वडिलांकडचा चांगला जाड कागद घेतला आणि घंटेचा निबंध लिहून काढला. एकोणचाळीस ओळी. एक शब्दही तो विसरला नव्हता. संध्याकाळी तो कागद घेऊन सुमेधाच्या घरी गेला. शोभाकाकूंनी दार उघडलं. आत मोबाइलवर त्यांच्याच आवाजात इंग्रजीचा धडा चालू होता.

"ताईचा निबंध लिहून आणलाय," असं म्हणून त्याने कागद सुमेधाच्या हातात दिला.

सुमेधाने त्यावरून तळहात फिरवला. "मला हा कोराही असाच लागला असता," ती म्हणाली. "आई, तू वाच गं."

शोभाकाकू उभ्याउभ्याच वाचू लागल्या. काठीच्या वाक्याशी त्या खाली बसल्या आणि पदराने डोळे टिपत त्यांनी उरलेला निबंध वाचला. "अगं, हे तू सांगितलंस?" त्या म्हणाल्या. मग कौतुकाने कौस्तुभकडे वळल्या. "काय रे, पेपरात अगदी अस्संच उतरलंय ना?"

सुमेधा खरं सांगणार नाही, हे कौस्तुभला कळत होतं. फाटकाशी तिने त्याला सांभाळून घेतलं होतं, आत्ताही घेतलं असतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी डाव कायमचा मिटला असता. कोणी कधी पत्ते मागितले नसते. ते "हो" त्याच्या जिभेवर आलंही.

"नाही, काकू," कौस्तुभ म्हणाला. "पंधरा ओळी मी गाळल्या. मला घरी जाऊन मोबाइलवर पत्ते खेळायचे होते. आणि सगळं लिहिलंय असं ताईला खोटंच वाचून दाखवलं."

शोभाकाकूंनी कागद खाली केला. "वर्षभर घसा फोडून वाचलं रे मी," त्या म्हणाल्या. "आणि तू पत्त्यांसाठी..." कागद तिथेच ठेवून त्या आत निघून गेल्या. कौस्तुभने दारात जाऊन पायात चपला सरकवल्या.

"कौस्तुभ," सुमेधाने हाक मारली. "परवा इंग्रजी आहे. साडेदहाला ये."

"येतो."

"आणि उत्तर झालं की वाचून दाखव." ती म्हणाली. "मोजणार तर मी आहेच. पण तू वाच."

मराठीचे जे मार्क जायचे होते ते गेले. गाळलेल्या ओळी परत पेपरात जाऊन बसत नाहीत. वसतिगृहात जागा मिळेल की नाही, ही धाकधूक निकालापर्यंत त्या मायलेकींच्या मागे लागली, आणि ती कौस्तुभमुळे लागली.

इंग्रजीच्या पेपरला पहिलं उत्तर संपलं. कौस्तुभ वाचू लागला. सुमेधाची बोटं दुमडलेली होती. तिसऱ्या ओळीत तो थांबला.

"ताई," तो म्हणाला, "इथे तुझा एक शब्द माझ्याकडून राहिलाय." आणि त्याने तो लिहिला.

सुमेधाने दुमडलेली बोटं उघडली आणि हात टेबलावर ठेवला.

तात्पर्य: ज्याला आपल्यावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नाही, त्याला फसवण्यात कसली हुशारी? आणि मोडलेला विश्वास पुन्हा जोडायचा असेल, तर पकडले जाण्याची वाट न पाहता आपले पत्ते आपणच उघडे करावेत.