तीन घरांनी दिलेला पोपट

फार जुनी गोष्ट आहे, पण खोटी म्हणाल तर माझ्याशी गाठ आहे. तीन घरांनी देऊन टाकलेला एक पोपट तानूबाई कासारणीकडे आला आणि पहिल्याच दिवशी त्याने तिचं बोट फोडलं.

"आता तूही दे मला कुणाला तरी," पोपट म्हणाला.

दारातला बोकड म्हणाला, "दोन दिवस उपाशी ठेव. झक मारत हातावर येईल."

"गप रे दाढीवाल्या! असा जोर केला असता तर माझ्याकडे एक तरी बाई बांगड्या भरायला आली असती का?"

तानूबाईने पिंजऱ्याचं दार उघडंच ठेवलं, आत पेरूची फोड सरकवली आणि ती कामाला लागली. पोपट बघत राही. नव्या नवरीचा हात भीतीने ताठ झाला की तानूबाई थांबे, माहेरच्या गप्पा काढी. हात सैल पडला की मगच बांगडी चढवी. काच फुटत नसे, रक्त निघत नसे.

आठव्या दिवशी पोपट आपणहून बाहेर आला आणि तिच्या चिंधी बांधलेल्या बोटावर बसला.

"दुखतं का गं?"

"दुखतं तर! पण दुसऱ्या हातात भरायच्या बांगड्या धरल्या आहेत. तू तिथंच बस."