ओट्यावर चढलेली मांजरी

फार फार वर्षांपूर्वी, सावल्यांना माणसांपेक्षा थोडी जास्त अक्कल होती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराआडच्या एका गावात एक नवरा-बायको राहत. नवऱ्याची आई वारली, त्याला वर्ष झालं होतं. बायको सासूला आत्याबाई म्हणे.

वर्षश्राद्धाला आत्याबाईंच्या नावाचं पान वाढून अंगणात ठेवलं. ऊन माथ्यावर आलं, पण कावळा शिवेना. सगळ्या आभाळात एक पंख नाही! अखेर बायकोनं पान आत आणून चुलीशेजारच्या ओट्यावर ठेवलं. तेवढ्यात घरची मांजरी टुणकन वर चढली आणि तिनं भाताला तोंड लावलं.

बायकोनं उलथनं उगारलं. नवऱ्यानं तिचा हात धरला.

"अगं, थांब! कावळा शिवला नाही, ही शिवली. आईच आली!"

"अहो, आत्याबाईंचं नाव घेऊन मांजरीला ओट्यावर बसवू नका."

"एका दिवसानं काय बिघडतं?"

एका दिवसाचे आठ झाले. मांजरी काही उतरेना. पिठातून चाले, दूध हुंगे, आणि नवरा आपला हात जोडे.

नवव्या दिवशी भर दुपारी, बायको एकटीच घरात असताना, मांजरी बोलली. आवाज हुबेहूब आत्याबाईंचा.

"आमटीत मीठ कमी आहे."

बायकोच्या हातातला डाव पडला. तिनं घाबरून मीठ घातलं.

"आता जास्त झालं."

हे तर अगदीच आत्याबाईंसारखं!

बायकोनं भिंतीकडे पाहिलं. मांजरीच्या सावलीला अंबाडा होता. आणि तिची स्वतःची सावली पाण्यात कालवल्यासारखी फिकट झाली होती.

मांजरी हुकूम सोडी, बायको तो पाळी, आणि दर खेपेला तिची सावली थोडी पुसट होई. तिची परात ओट्यावरून जमिनीवर आली, जमिनीवरून उंबऱ्यापाशी गेली. एका दुपारी नवरा जेवायला आला. बायको समोरच उभी होती. तो तिच्या आरपार पाहत मांजरीला म्हणाला, "आई, आज स्वयंपाक कुणी केला?"

बायको भिंतीकडे वळली. भिंतीवर तिची नखाएवढीच सावली उरली होती. तीही गेली, की संपलंच.

तिनं पदर खोचला आणि ती ओट्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, हयातभरात तुम्ही या ओट्याला पाय लावला नाहीत. शिंक्यावरचं दही काढायला मी एकदा चढले, तर दोन दिवस अबोला धरलात. तुम्ही आत्याबाई असाल, तर खाली उतरा. आणि मांजरी असशील, तर तूही उतर!"

चुलीतला जाळ हलायचा थांबला. मांजरीनं बराच वेळ विचार केला. मग पदर सावरावा तशी शेपटी सावरून ती मुकाट्यानं खाली उतरली.

भिंतीवर बायकोची सावली काळीभोर उमटली. नवरा दचकला. "अगं, तू कधी आलीस?"

"मी कुठं गेले होते? फडकं घ्या नि ओटा पुसा."

त्यानंतर मांजरी जन्मभर खालीच जेवली. तिचा दूधभात चुकला नाही, लाडही चुकले नाहीत. ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. मात्र तिच्या सावलीचा अंबाडा कधीच सुटला नाही.

म्हणून सांगतो, जीव लावावा, मानही द्यावा. पण ज्याला उठवायची पुढं आपल्यालाच भीती वाटेल, त्याला आपली जागा देऊ नये.