भुऱ्याच्या कपाळावरचा शेंदूर

फार फार जुन्या काळी, एका राजाच्या बागेत चढ चढताना, एका मुलीला इंजिनाचा एक ठोका कमी ऐकू आला.

एकच ठोका. फट्, फट्, फट्, आणि पुढचा फट् यायला हवा तिथं नुसतीच शांतता. मग पुन्हा फट्, फट्, जसं काही झालंच नाही.

मुलगी दचकली.

तुम्ही म्हणाल, इतक्या जुन्या काळी बागेत इंजिन कसलं? गोष्टीतल्या राज्यात सगळं असतं, फक्त तिथं ते आधीपासूनच जुनं झालेलं असतं. हा बागेतला छोटा ट्रॅक्टर तर इतका जुना होता, की त्याचा मूळ रंग कोणता यावरून माळ्यांची भांडणं होत. उंचीनं बैलाएवढा, म्हणून नावही बैलाचंच होतं. भुऱ्या.

भुऱ्याचं काम एकच होतं. खाली विहिरीवर पाण्याची टाकी ठेवलेली गाडी जोडायची आणि चढ चढून वरच्या झाडांना पाणी न्यायचं. चढाच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळीच्या वळणाआड, कलमांचा मांडव होता. तिथं दिवसभर माणसं कलमं बांधत बसत.

भुऱ्या चालवणारी ही मुलगी मनाची मऊ आणि फार दचकणारी. फणस पडला तरी दचकायची, मागून कुणी हाक मारली तरी दचकायची. बागेतल्यांनी तिचं नावच दचकी ठेवलं होतं. पण त्या दिवशी ती दचकली त्याला कारण होतं. तिच्या मनात आलं, हा चढावर बंद पडला तर? मागे भरलेली गाडी, हातब्रेक कधीचा कामातून गेलेला, आणि खाली मांडव.

संध्याकाळी तिनं सांगितलं, "भुऱ्या नीट चालत नाहीये."

"काय झालं त्याला?" गवत कापणाऱ्यानं विचारलं.

"एक ठोका चुकला."

"त्याचा की तुझा?"

सगळे हसले. फुलं खुडणारी बाई म्हणाली, "अगं, काल सरड्याला बघून किंचाळलीस, आज ठोक्याला. उद्या स्वतःच्या सावलीला घाबरशील."

हसली नाही ती एकटी आत्या. आत्या म्हणजे बागेची मुख्य माळीण. ती कुणाचीच सख्खी आत्या नव्हती आणि सगळ्यांची होती. तिनं मुलीला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काही नाही गं बाळा. गप. जेवून घे."

मुलीला बरं वाटलं. पण जे सांगायचं होतं ते तसंच पोटात राहिलं.

पुढं ठोके आणखी आणखी चुकू लागले. विहिरीपाशी भुऱ्या मजेत सुरू होई. अर्धा चढ गेला की धापा टाकू लागे, धक्के देई, काळा धूर सोडे, आणि कसाबसा माथ्यावर पोचून बंद पडे.

मग मिस्त्रीकाकांना बोलावलं. काका सज्जन होते. त्यांनी आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, मग प्लग काढून पुसला, कार्बोरेटर उघडून फुंकला, पेट्रोल गाळायची जाळी धुतली. समोरून इंजिनाला लावून फिरवायचं हँडल मारलं. भुऱ्या पहिल्या झटक्यात सुरू झाला.

"मिसिंग कुठं आहे? एकही ठोका चुकत नाहीये." काकांनी कान लावून विचारलं.

"इथं नाही करत काका. चढावर करतो."

"इथं बरा आणि तिथं आजारी? हे तर शाळा चुकवणाऱ्या पोरांसारखं झालं." काका हात पुसत हसले. "पोरी, तुझे हात थरथरतात. मशीनला माणसाचं कळतं. मन घट्ट कर."

मुलीनं स्वतःचे हात बघितले. ते खरंच थरथरत होते. तिला वाटलं, काकांचंच खरं असेल.

तेव्हापासून तिनं बोलायचं सोडलं. घाबरणाऱ्या माणसाचं हेच होतं बघा. भीती तशीच राहते, फक्त तिचा आवाज जातो.

एकदा भुऱ्या माथ्यावर बंद पडला तेव्हा तिला वाटलं, पेट्रोल संपलं असेल. तिनं टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स!

मुलगी इतकी दचकली की झाकण हातातून उडालं. टाकीत साप बसलाय असंच तिला वाटलं. पण साप नव्हता, पेट्रोल भरपूर होतं, आणि झाकण लावून हँडल मारलं तर भुऱ्या आनंदानं फटफटू लागला.

दुसऱ्या दिवशी माथ्यावर बंद पडल्यावर तिनं आधी कान गच्च धरले, मनाची तयारी केली, आणि मग एका हातानं झाकण फिरवलं. फुस्स. आणि पुन्हा भुऱ्या सुरू.

दुसरं कुणी असतं तर त्या आवाजाकडे त्याचं लक्षही गेलं नसतं. हिचा मात्र प्रत्येक दचका हिच्या लक्षात राहायचा.

मग अमावास्या आली. दर अमावास्येला आत्या भुऱ्याची पूजा करी. ट्रॅक्टरला कपाळ कुठलं, हा प्रश्न तिला कधीच पडला नव्हता. सगळ्यांत वर, अगदी मधोमध, टाकीचं गोल झाकण होतं. तेच कपाळ. त्यावर ती तेलात कालवलेला शेंदूर अंगठ्यानं थापायची, जुन्यावर नवा. कपाळावरचा शेंदूर पुसायचा नाही, असा बागेचा नेम होता. वर्षांमागून वर्षं बसलेला तो थर आता बोटभर जाड झाला होता.

पूजा झाली. आत्यानं मुलीसाठी नारळाचा एक डोळा फोडला आणि तो पेल्यावर उपडा धरला. गुळुप करून चार थेंब पडले आणि पाणी थांबलं.

"येत का नाही?" मुलीनं विचारलं.

"दुसरं भोक पाडावं लागतं गं. वारा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर यायचं नाही." आत्यानं सुरीचं टोक फिरवलं, आणि पाण्याची धार लागली.

मुलगी पेल्याकडे बघतच राहिली. मग भुऱ्याकडे बघत राहिली.

दुपारी आसपास कुणी नव्हतं तेव्हा तिनं झाकण काढून उलटं धरलं. आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. झाकण तिनं सूर्यासमोर धरलं. भोक होतं, पण त्यातून उजेड येत नव्हता. बाहेरच्या अंगाला शेंदूर होता.

भुऱ्याचा दम कोंडत होता. पेट्रोल होतं, पण वारा आत येत नव्हता, म्हणून ते इंजिनात उतरत नव्हतं. झाकण उघडलं की फुस्स करून तो श्वास घेत होता.

त्या दिवशी तिनं झाकण सैल ठेवलं. भुऱ्या गाणं म्हणत चढ चढला. एकही ठोका चुकला नाही. मुलीला रडू आलं. तिचे हात थरथरत होते, पण दोष हातांचा नव्हता.

आता सांगायला हवं होतं. पण सांगायचं कुणाला? आत्याला? काय सांगायचं? की तुम्ही इतक्या मायेनं लावलात तोच शेंदूर?

तिनं प्रयत्न केला. "आत्या, भुऱ्याचा शेंदूर ना..."

"फिका पडला का? लावते हं अजून."

"तसं नाही..."

"काही नाही गं बाळा. गप. दमलीयेस."

मुलगी गप बसली. रोज कुणाचं लक्ष नाही असं बघून झाकण सैल करायची, खाली आल्यावर घट्ट करायची. खड्ड्यातून जाताना पेट्रोल हिंदकळून बाहेर सांडायचं, तेव्हा जीव मुठीत धरायची. चोरी नसताना चोरासारखं वागणं फार जड असतं.

आणि मग पुढची अमावास्या आली. आत्यानं ताजा शेंदूर थापला, झाकण स्वतःच्या हातानं गच्च पिळलं, आणि निरोप द्यायला भुऱ्यासमोर उभी राहिली. "जपून जा गं." तिच्या डोळ्यांदेखत झाकणाला हात लावायची मुलीची छाती झाली नाही. तिला वाटलं, आत्या आत गेली की सैल करू. पण भुऱ्या वळण घेईपर्यंत आत्या हात हलवत राहिली, आणि वळणानंतर लगेच चढ होता; तिथं स्टिअरिंग सोडून हात मोकळा होईना.

अर्ध्या चढावर पहिला ठोका चुकला. मग दुसरा. मग भुऱ्यानं मोठा धक्का दिला आणि तो बंद पडला.

गाडी मागं ओढू लागली. मुलीनं दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. गियर टाकला, तरी चाकं इंच इंच मागं सरकत होती. हात लांबवून तिनं झाकण उघडलं. फुस्स. पण सुरू करायचं तर खाली उतरून हँडल मारायला हवं, आणि पाय काढला तर गाडी थेट मांडवावर.

"आत्याऽऽ!" ती ओरडली.

करवंदीच्या आडून हसू ऐकू आलं. "सरडा दिसला वाटतं!" गवत कापणारा म्हणाला.

"आत्याऽऽ!"

"काही नाही गं बाळा!" खालून आत्याचा रोजचा आवाज आला. "घाबरू नकोस!"

पायाखाली ब्रेक बुळबुळीत झाल्यासारखा लागत होता. मुलीनं पाय आणखी जोरानं दाबले. पण त्या क्षणी तिच्या लक्षात आलं, की इतके दिवस ती किंचाळली होती किंवा गप बसली होती. नीट सांगितलं कधीच नव्हतं.

तिनं खोल श्वास घेतला.

"आत्या, मी घाबरलेय!" ती शब्द तोडून तोडून ओरडली. "पण कारण आहे! भुऱ्या चढावर बंद पडलाय! ब्रेक सुटतोय! मांडवातून बाहेर पडा सगळे! चाकाखाली दगड हवाय! आणि आत्या, रागावू नका, झाकणाचं भोक तुमच्या शेंदरानं बुजलंय! नारळासारखं! त्याला श्वास घेता येत नाहीये!"

खालचं हसू थांबलं. गाडी अजून एक इंच मागं आली.

मुलीला वाटलं, आता पुन्हा तेच. काही नाही गं. गप.

मग करवंदीच्या काट्यांत पदर फाडत आत्या वळणावर आली. दोन्ही हातांत छातीशी धरलेला धोंडा होता, आणि तिच्या मागं दगड घेऊन सगळी बाग धावत होती.

"ऐकलं गं मी!" आत्या धापा टाकत ओरडली. "सगळं ऐकलं! पाय काढू नकोस, आलेच! आणि तो शेंदूर नखानं खरवडून टाक, माझी भीड धरू नकोस!"

एवढं लक्षात असू द्या, लहानांनो आणि मोठ्यांनो: मायेचा लेपसुद्धा इतका जाड देऊ नये, की आतल्याला श्वास घ्यायला जागा उरणार नाही.