कोरी बाजू

एका मोठ्या कॉलेजात तानूबाई नावाची झाडूवाली होती. बावीस वर्षं तिने वर्गांतले फळे पुसले, पण त्यांवरचं एकही अक्षर तिला ओळखता आलं नाही. पुसताना हात घुटमळायचा. वाटायचं, एकदा तरी कुणी आपल्याला हे शिकवावं.

तिथले देवस्थळी सर म्हणजे थोर पंडित. कचरा होऊच नये, वस्तू पुन्हा पुन्हा वापरात फिरावी, यावर त्यांनी जाडजूड अहवाल लिहिला. भरल्या सभेत तो उंच धरून ते म्हणाले, "माझ्या विभागात काही म्हणजे काही वाया जात नाही. गेलेलं जो दाखवेल, त्याला मागेल ते देईन!"

मागे उभी असलेली तानूबाई सरळ पुढे आली. तिने सरांच्या अहवालावरच बोट ठेवलं. "हे बघा, सर."

सगळे खो खो हसले. सर कडाडले, "अहो, हे माझं संशोधन आहे! वाचता तरी येतं का तुम्हाला?"

"छापलेली बाजू नाही येत, सर. पण मागची कोरी येते. दर पानामागे एकच लिहिलंय, इथं अजून जागा आहे."

सरांनी पानं उलटली. चारशेच्या चारशे मागून कोरी! त्यांचा चेहरा उतरला.

"मागा, बाई," ते हळूच म्हणाले.

"ही पानं द्या. आणि शिकवणारं माणूस द्या."

सरांनी तिला खुर्चीवर बसवलं, खिशातलं पेन काढलं आणि ते तिच्या शेजारी बसले. "पहिलं काय लिहायचं?"

"ते पोरवयातच ठरवून ठेवलंय," तानूबाई म्हणाली. "माझं नाव."