बिळाच्या दारातला काटा

डोंगराच्या उतारावर, करवंदीच्या दाट जाळ्यांमध्ये, एका साळूचे घर होते. मुलांनो, साळू म्हणजे साळिंदर. पाठीवर काळ्या-पांढऱ्या काट्यांचा भारा घेऊन हिंडणारा प्राणी. ही साळू बिळे खणण्यात मोठी तरबेज होती. तिने खणलेल्या बिळात पाणी शिरत नसे आणि छत ढासळत नसे. रानातले प्राणी तिच्याकडून घरे खणून घेत आणि बदल्यात तिला कंदमुळे देत. तिच्या जोडीला एक घूस होती. साळूने खणायचे आणि घुशीने माती बाहेर ओढायची, असे त्या दोघींचे चाले. साळू कामाला वाघ, पण मागायला फार भिडस्त. कोणी ‘नंतर देतो’ म्हटले की ती मान हलवून घरी येई, आणि काय बोलायला हवे होते ते तिला घरी आल्यावर सुचे.

थंडी सुरू होताना एक कोल्हा तिच्याकडे आला. “साळूताई,” तो म्हणाला, “टेकाडाच्या पोटात मला एक चांगलं घर खणून द्या. दोन दारं, आत ऐसपैस जागा, आणि वारा खेळायला एक झरोका. टेकाडावर माझे करांद्यांचे वेल आहेत. त्यांच्या मुळाशी कंद मस्त पोसलेत. त्यांतले निम्मे तुमचे.” साळूने होकार दिला. टेकाड होते कडक मुरमाचे. खणता खणता साळूची नखे झिजली, घुशीचे पंजे सोलवटले. मधेच एक मोठा खडक लागला, तेव्हा त्याला वळसा घालून दोघींनी वाट काढली. घर पुरे झाले तेव्हा कोल्हा आत जाऊन लोळून आला आणि म्हणाला, “वा, झकास. उद्या या, करांदे उकरून घेऊ.”

दुसऱ्या दिवशी कोल्हा शिकारीला गेला होता. त्यानंतर भेटला तेव्हा म्हणाला, “अजून थोडे पोसू द्या.” मग एका सकाळी साळू टेकाडावर गेली, तर वेलांखालची जमीन नांगरल्यासारखी उलथी पडलेली. रानडुकरांचा कळप तोंडे पुसत उताराने खाली चालला होता. कोल्ह्याकडे त्यांचे काही जुने येणे होते आणि त्याने ते करांद्यांवर फेडून टाकले होते. साळू कोल्ह्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. कोल्हाच म्हणाला, “ताई, माझी अडचण होती हो. पुढच्या हंगामात दुप्पट देतो. आपण काय परके आहोत?”

साळू परत आली. जाळीपाशी घूस वाट पाहत बसली होती. तिची चार पिल्ले मागे चुळबुळ करत होती. साळूने घडलेले सांगितले. घूस पिल्लांकडे वळली. मग म्हणाली, “ताई, पुढच्या हंगामापर्यंत ही काय खातील?” साळूने आपल्या साठ्यातले दोन कंद तिच्यापुढे ठेवले. तिसरा ठेवायला तिच्याकडे नव्हता.

आता मुलांनो, त्या रानात एक रीत होती. ज्याने घर बांधले त्याचे कष्ट त्या घरातच असतात, असे तिथे मानत. कष्टाचे मोल मिळाले नाही, तर बांधणाऱ्याने त्या घराच्या दारात आपली खूण रोवायची. तीही काम संपल्यानंतरची पहिली पौर्णिमा उजाडण्याच्या आत, आणि रानातले तंटे सोडवणाऱ्या म्हाताऱ्या गव्याला सांगून. खूण असली तरी मालकाला घरात राहायला मोकळीक असे. पण बांधणाऱ्याचे देणे चुकते होईपर्यंत ते घर दुसऱ्या कोणाला देता येत नसे. आणि पौर्णिमा टळली की खूण रोवण्याचा हक्कही जाई.

घूस म्हणाली, “काटा रोवा, ताई.”

“कोणाच्या दारात असा काटा रोवायचा म्हणजे भांडण मांडल्यासारखं होतं गं,” साळू म्हणाली. “चार जण येता-जाता बघतील. कोल्ह्याला काय वाटेल?”

“आणि आपल्याला काय वाटतंय, ते कोण विचारतंय?” घूस म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच साळूला तो जास्त लागला. तरीही तिने दिवस ढकलले. आज कोल्हा बोलावील, उद्या बोलावील, अशी आशा ती करत राहिली. कोल्हा मात्र दिसेल तिथे गोड हसे आणि तब्येत विचारून पुढे जाई. शेवटी पौर्णिमा उद्यावर आली, तेव्हा साळू उठली आणि पाणवठ्यावर गव्याकडे गेली.

गवा पाण्यात उभा होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “ठरलं होतं तेवढं काम पुरं केलंस का?”

साळू जरा घुटमळली. “खडकामुळे झरोका थोडा अरुंद झाला आहे, आजोबा.”

“मग तेवढं कमी माग,” गवा म्हणाला. “केलं असेल तेवढंच आपलं. पण जे आपलं आहे ते मागायला लाजू नकोस. आणि हे बघ, कोल्ह्याला आधी तोंडावर सांग, मग रोव. चोरून रोवलेल्या काट्याला मी साक्ष देणार नाही.”

त्याच दुपारी साळू घुशीला बरोबर घेऊन कोल्ह्याच्या दारी गेली. “कोल्हेदादा,” ती म्हणाली, “मी काटा रोवायला आले आहे. तुमच्यावर राग नाही. पण या घरात माझी नखं आणि घुशीचे पंजे आहेत, आणि त्यांचं मोल मिळालेलं नाही.”

कोल्ह्याचे हसू मावळले. “आपल्यात कसला काटा आणला?” तो म्हणाला. “एवढी ओळख आपली, आणि तुम्ही माझी अब्रू काढायला निघालात?” साळूला क्षणभर वाटले, मागे फिरावे. मग तिने घुशीकडे पाहिले. घूस सोलवटलेले पंजे पोटाखाली घेऊन निमूट बसली होती. साळूने पाठीवरचा एक लांब काटा उपटला आणि दाराशेजारी मुरमात खोल रोवला. “रोवा,” कोल्हा म्हणाला. “काट्याने माझं काय अडतंय?” आणि तो आत जाऊन झोपला.

खरेच, काही दिवस त्याचे काही अडले नाही. पण टेकाडाभोवतीचे तितर कमी झाले आणि कोल्ह्याची उपासमार होऊ लागली. ओढ्याकाठी एक रानमांजर राहत होती. तिच्या वाट्याच्या काठावर खेकडेही भरपूर आणि कंदही भरपूर. पण काठ उघडा होता, आणि तिला लवकरच पिल्ले होणार होती. तिला भक्कम घर हवे होते, कोल्ह्याला खेकडे हवे होते. “माझं घर तू घे, तुझा काठ मला दे,” कोल्हा तिला म्हणाला. रानमांजर घर बघायला आली. आत फिरली, भिंतींना अंग घासून पाहिले, आणि तिला ते फार आवडले. बाहेर पडताना तिची नजर दाराशेजारी गेली.

“हा काटा कसला?” तिने विचारले.

“तो होय? वाऱ्याने पडला असेल,” कोल्हा म्हणाला.

“पडलेला काटा आडवा असतो,” रानमांजर म्हणाली. तिने पुढे काही विचारले नाही. ती थेट करवंदीच्या जाळीपाशी आली.

तिला पाहून घूस साळूच्या पाठीमागे सरकली. रानमांजर दमून खाली बसली होती. पोटाचा भार तिला पेलवत नव्हता. तिने सगळे विचारून घेतले. तिची ती अवस्था पाहून साळूचे मन द्रवले. “बाई, तुमचा यात काय दोष?” ती म्हणाली. “तुमच्या पिल्लांच्या आड मी येणार नाही. चला, काटा काढून टाकते.”

घुशीने मान खाली घातली. पण रानमांजर म्हणाली, “काढू नका. तो काटा होता म्हणून मला खरं काय ते कळलं. तुमचे कष्ट बुडवून मिळालेल्या घरात मला पिल्लं घालायची नाहीत. मी कोल्ह्याशी बोलते.”

ती कोल्ह्याला म्हणाली, “माझ्या काठाचे दोन भाग आहेत. डोहाचा भाग, तिथे खेकडे आहेत, तो तू घे. वरच्या दरडीत कंद आहेत, ते साळूला आणि घुशीला जातील. हे मान्य असेल तर मी घर घेते.”

“सगळा काठ माझा ठरला होता,” कोल्हा म्हणाला.

“घरही सगळं तुझं असल्याचं तू सांगितलं होतंस,” रानमांजर म्हणाली.

कोल्ह्याने काट्याकडे पाहिले. तो काटा त्याला उपटता आला असता. पण गव्याची साक्ष असलेली खूण ज्याने उपटली त्याच्याशी रानात पुन्हा कोणी व्यवहार करत नसे. शिवाय पोटात कावळे ओरडत होते. शेवटी त्याने मान डोलावली.

गव्यासमोर दरड दाखवून झाली. झरोका अरुंद राहिला होता, तेवढ्यापुरते कंद साळूने रानमांजरीकडेच ठेवले आणि पहिला मोठा कंद घुशीच्या पुढ्यात ढकलला. घुशीने तो तिथेच न खाता दातांत धरला आणि पिल्लांकडे धावली. मग साळू टेकाडावर गेली. ज्याने खूण रोवली त्यानेच देणे मिळताच ती काढायची, अशीही रीत होती. तिने काटा उपसला, राहिलेले भोक पंजाने बुजवले आणि रानमांजरीला म्हणाली, “घर मोकळं आहे. सुखाने राहा.”

वाटेत कोल्हा भेटला. जरा ओशाळून तो म्हणाला, “साळूताई, डोहापाशी मला एक लहानसं घर लागेल. खणाल का?”

“खणीन की,” साळू म्हणाली. “काम सुरू होण्याआधी आपण गवेआजोबांकडे जाऊन येऊ.” आणि हे तिला घरी पोहोचल्यावर नव्हे, तिथल्या तिथेच सुचले होते.

तात्पर्य : आपल्या कष्टाचे मोल मागण्यात भांडण नाही आणि लाजही नाही, मात्र ते वेळेत मागावे, उघडपणे मागावे, जेवढे आपले असेल तेवढेच मागावे, आणि मिळाल्यावर समोरच्याला मोकळे करावे.