गेणू कार्ड आणायला जातो

रांगेत उभं राहायला अक्कल लागते, असं तुम्हाला कधी वाटलंय का? नाही ना? गेणूच्या घरच्यांनाही तसं वाटलं नव्हतं.

तर वांगणगावात हा भोळा गेणू राहत होता. वय तिशीचं, अंगानं धिप्पाड, मनानं लोण्यासारखा. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तस्संच करायचा. रोज पहाटे दुधाची किटली डेअरीवर पोचवायची, हे काम तो बारा वर्षं करत होता. त्यात त्याची कधी चूक झाली नाही, कारण बारा वर्षांत त्या कामात काही बदललं नव्हतं.

गेणूची धाकटी बहीण मोनाली. ती कॉलेजात शिकायची आणि कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ खेळायची. खेळायची म्हणजे अशी, की खेळता खेळता राज्याच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला पोचली. शेवटची फेरी रविवारी सकाळी नऊ वाजता, घरी बसूनच खेळायची होती. पहिल्या दोघांना पुण्याच्या संघात जागा मिळणार होती. राहायची सोय, शिकायची सोय, सगळं. असा योग पुन्हा येणार नाही, हे मोनालीला माहीत होतं.

आणि आठ दिवस आधी वीज कमी-जास्त झाली आणि तिच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड जळालं. या कार्डामुळे खेळातली चित्रं भराभर हलतात. ते नसलं की चित्र अडखळतं. शत्रू येऊन गोळी घालून गेला, तरी तो येताना दिसत नाही.

नेमका तेव्हाच या कार्डांचा तुटवडा पडला होता. शहरात एकाच दुकानात ती यायची. रोज चार-पाच यायची आणि बाहेर तीस-चाळीस माणसं उभी असायची. मोनालीची तर सोमवार ते शनिवार परीक्षा. आईला गुरं सोडून हलता येत नव्हतं. राहिला गेणू.

स्पर्धेच्या आदल्या रविवारी संध्याकाळी मोनालीनं पैशांचं पाकीट त्याच्या खिशात घातलं, कार्डाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं आणि म्हणाली, "दादा, उद्या पहिल्या एसटीनं जा. दुकानासमोर नंबर लाव."

"एवढंच ना?" गेणू म्हणाला. "रोज लावतो की."

तो डेअरीवर रोज नंबर लावायचा, हे खरंच होतं. वांगणगावात डेअरीच्या रांगेत माणसं उभी राहत नाहीत. किटल्या उभ्या राहतात. किटली ओळीत ठेवायची आणि पारावर जाऊन बसायचं. किटलीचा नंबर तोच माणसाचा नंबर. मागचा माणूस आपली किटली सरकवताना पुढचीही सरकवतो, त्यात कुणी लबाडी करत नाही.

सोमवारी गेणू रिकामी किटली घेऊन शहरात गेला. दुकानासमोर रांग होती. त्यानं शेवटच्या माणसामागे किटली ठेवली आणि बसस्टँडवर जाऊन बाकावर बसला. संध्याकाळी किटली घेऊन घरी आला.

"नंबर लावलास?" मोनालीनं विचारलं.

"लावला. पहिला आला."

"मग कार्ड?"

"मी गेलो तेव्हा किटली एकटीच दारात उभी होती. पहिला नंबर. पण शटर बंद झालं होतं."

मोनालीनं डोळे मिटले. उद्याचा पेपर अर्थशास्त्राचा होता. "दादा, शहरात किटली चालत नाही. स्वतः उभं राहायचं. कुणी काहीही म्हणू दे, जागा सोडायची नाही."

"हे कालच सांगायचंस ना," गेणू म्हणाला.

मंगळवारी तो स्वतः उभा राहिला. पंधरावा नंबर होता. पायाखाली एक फुटकी फरशी होती, ती त्यानं नीट बघून घेतली. दहा वाजता शटर उघडलं. पुढची माणसं पुढे गेली. गेणू उभा राहिला.

"अहो, चला पुढं," मागचा म्हणाला.

"जागा सोडायची नाही."

"तुमची जागा पुढं गेली."

"माझी इथंच आहे," गेणू म्हणाला आणि त्याला फरशी दाखवली.

मागचा माणूस वळसा घालून पुढे गेला. त्याच्या मागचाही गेला. ओढ्यातल्या दगडाला वळसा घालून पाणी जावं तशी सगळी रांग त्याला वळसा घालून गेली. दुपारी झाडूवाली आली. तिनं सगळीकडे झाडलं, गेणूच्या पायाखालची फरशी तेवढी राहिली. सहा वाजता शटर पडलं. गेणू घरी आला.

"सोडली नाही," तो म्हणाला. "झाडूवालीनं सांगितलं तरी सोडली नाही."

मोनालीनं कपाळाला हात लावला. आई चुलीपाशी हसली, मग मोनालीकडे बघून भाकरी थापू लागली.

"दादा, नीट ऐक. पुढचा माणूस सरकला की आपण सरकायचं. त्याच्यावर नजर ठेव. तो जाईल तसं मागं मागं जायचं."

बुधवारी गेणूच्या पुढे दिगंबर सोनटक्के नावाचे गृहस्थ होते. ते लग्नाचे व्हिडिओ तयार करायचे. त्यांचंही कार्ड जळालं होतं आणि दोन नवऱ्यामुलींच्या घरून रोज फोन येत होते. गेणूनं त्यांच्या पाठीवर नजर ठेवली. ते सरकले की तो सरकला. ते थांबले की तो थांबला. आदल्या दिवसापेक्षा हे काम त्याला सोपं वाटलं.

सोनटक्के दारापाशी पोचले आणि दुकानाचे शेठ बाहेर येऊन म्हणाले, "आजचा माल संपला." सोनटक्क्यांनी सुस्कारा सोडला आणि ते घराकडे निघाले. गेणू त्यांच्या मागे निघाला. ते बोळात शिरले, हाही शिरला. त्यांनी भाजी घेतली, तेवढा वेळ हा थांबला. ते जिना चढले, हाही चढला. त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले. गेणूनंही धुतले.

सोनटक्के बायकोला हळूच म्हणाले, "तुझ्याकडचे कुणी येणार होते का?"

"माझ्याकडचे कशाला? तुमच्याबरोबरच आले ना?"

"माझ्या मागून आले."

आता जेवायच्या वेळेला दारात आलेल्या माणसाला काय विचारणार? वहिनींनी तीन पानं वाढली. गेणू पोटभर जेवला. जेवताना त्यानं मोनालीचं सगळं सांगितलं, तिचा खेळ, जळालेलं कार्ड, पुण्याची जागा. वहिनींचं मन भरून आलं. निघताना त्यांनी पोळ्यांच्या पसरट डब्यात गुळाच्या पोळ्या भरून दिल्या. "वांगणगावच्या मोनालीला आमच्याकडून," म्हणाल्या.

घरी डबा बघून मोनालीनं विचारलं, "हे कुठून आणलंस?"

"रांगेतून," गेणू म्हणाला.

पोळ्या चांगल्या होत्या. खाताना मोनालीच्या डोळ्यांत पाणी होतं. तीन दिवस गेले होते. ती बोटांवर मोजत सांगू लागली, "दुकानात शिरलास की काउंटर गाठायचा. शेठ नाही म्हणाले तरी काउंटर सोडायचा नाही. कार्ड मिळालं की छातीशी धर. मग कुणीही मागू दे, द्यायचं नाही. काय करायचं?"

"काउंटर सोडायचा नाही. कुणालाही द्यायचं नाही."

गुरुवारी गेणू काउंटरला पोचला आणि त्यानं उजवा तळहात त्यावर ठेवला. डाव्या हातानं चिठ्ठी दिली.

"संपलं," शेठ म्हणाले. "उद्या या."

"बरं," गेणू म्हणाला आणि उभा राहिला.

तासाभरानं शेठ म्हणाले, "अहो, उद्या या म्हटलं ना?"

"हो, ऐकलं."

"मग?"

"काउंटर सोडायचा नाही."

दुपारी शेठनी त्याच्यासाठी चहा मागवला. तो गेणूनं डाव्या हातानं प्यायला. शेठनी डबा खाल्ला, हिशेबाची वही बंद केली, देवाला उदबत्ती लावली. गेणूचा हात होता तिथेच होता. शटर अर्धं खाली आलं. शेवटी शेठ आत गेले आणि एक खोकं घेऊन आले.

"हे मेव्हण्यासाठी बाजूला ठेवलं होतं," ते म्हणाले. "बायको बोलेल, तिचं मी बघतो. पैसे दे, हे घे आणि तेवढा हात काढ बाबा."

गेणू कार्ड घेऊन आला, तेव्हा मोनाली धावत दारात आली. "मिळालं? दाखव बघू."

गेणूनं खोकं छातीशी आवळलं. "नाही."

"अरे, माझंच आहे ते."

"कुणीही मागू दे, द्यायचं नाही. तूच म्हणालीस."

आई म्हणाली, "गेणू, दे रे तिला."

"तूपण कुणीतरीच आहेस की आई."

तो एका हातानं जेवला. भाकरी मोडता येईना, म्हणून आईनं मोडून दिली. झोपलाही खोकं पोटाशी घेऊन. शुक्रवारी सकाळी मोनाली त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि शांतपणे म्हणाली, "दादा, वस्तू जवळ धरून बसण्यात काय आहे? ज्याचं काम अडलंय, त्याला ती द्यायची. त्यासाठीच आणलेली असते ना?"

गेणूनं विचार केला. मोनालीचं काम अडलं होतं. त्यानं खोकं दिलं.

मोनालीनं ते उघडून बघितलं, पुन्हा बंद केलं आणि फळीवर ठेवलं. शनिवारचा एकच पेपर उरला होता. आईनं बजावलं होतं, "पेपर संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एकदा बसलीस की उठायची नाहीस." शनिवारी संध्याकाळी बसवू, दहा मिनिटांचं काम, असं ठरलं. त्या रात्री घरात सगळ्यांना छान झोप लागली.

शनिवारी मोनाली पेपरला गेली. आईनं पोळ्यांचा डबा घासूनपुसून गेणूच्या हातात दिला. "त्या माणसांचा डबा पोचवून ये. आणि रिकामा नको देऊ. लोकांचा डबा रिकामा परत देऊ नये. त्यांच्या उपयोगाचं काहीतरी घाल," असं म्हणून ती गोठ्यात गेली.

गेणू डबा घेऊन घरभर फिरला. शेवग्याच्या शेंगा होत्या, त्या डब्यात मावेनात. शेंगदाणे होते, पण सोनटक्क्यांचं शेंगदाण्यावाचून काही अडलं नव्हतं. त्यांचं कशावाचून अडलं होतं, ते त्यांनी जेवतानाच सांगितलं होतं. गेणूनं फळीवरचं खोकं काढलं. खोकं डब्यात मावेना, कार्ड मावलं. आईच्या धुतलेल्या पातळाचा तुकडा त्यानं भोवती गुंडाळला, म्हणजे खडखडायला नको.

सोनटक्के रांगेतच होते, पंधराव्या नंबरावर. गेणूनं डबा त्यांच्या हातात दिला.

"अहो, याची काय घाई होती?" सोनटक्के म्हणाले. "आणि जड लागतोय. काय घातलंत?"

"उपयोगाचं आहे. घरी जाऊन उघडा."

तो घरी आल्यावर आईनंही तेच विचारलं आणि गेणूनं तेच सांगितलं. "शहाणा झाला गं माझा गेणू," आई म्हणाली.

संध्याकाळी मोनालीनं खोकं उघडलं. ते रिकामं होतं. मग तिनं सगळं विचारून घेतलं आणि गेणूनं सगळं सांगितलं. त्यानं काहीच लपवलं नाही.

"त्यांचं घर कुठं आहे?" मोनालीनं चपला पायात सरकवल्या. "कुणाची तरी गाडी घेऊन आत्ता जाऊ."

"घर जिन्यावर आहे."

"रस्ता कुठला?"

"रस्ता कुठं बघितला? मी त्यांची पाठ बघत होतो."

"फोन नंबर?"

"रांगेत पंधरावा."

मोनाली रडली नाही. तिनं ठरवलं, अडखळत तर अडखळत, कार्डाशिवाय खेळायचं. पण तोवर बातमी गावभर झाली होती आणि गाव मदतीला आलं. शेजारच्या पारूकाकू टेबलफॅन घेऊन आल्या. पोस्टमननं जुना रेडिओ आणला, त्यातलं काही बसतं का बघा म्हणाला. एकानं ट्रॅक्टरची बॅटरी आणली. दर पाच मिनिटांनी दार वाजत होतं आणि मोनालीचा सराव मोडत होता.

"दादा," ती शेवटी हात जोडून म्हणाली, "उद्या तू दारात बस. कुणी काहीही घेऊन आलं तर आम्हाला काही नको म्हणून सांग. कितीही आग्रह केला तरी घेऊ नको. आणि खेळ संपेपर्यंत मला हाक मारू नको. एवढं करशील ना?"

"करतो की," गेणू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठ वाजता दिगंबर सोनटक्के गाव विचारत विचारत मोटारसायकलवरून दारात आले, पोळ्यांचा डबा पुढे धरून म्हणाले, "अहो, यात तुमच्या बहिणीचं कार्ड आहे", आणि गेणूनं दोन्ही हात जोडून "आम्हाला काही नको" असं हळू आवाजात सांगितलं, त्यांनी चारदा आग्रह केला तरी घेतलं नाही, आणि त्यांची गाडी वळणाआड होईपर्यंत दारात उभं राहून त्यांना निरोप दिला.