टाकीतलं हळदकुंकू

डेअरीत दुधाची टाकी धुणारं यंत्र घ्यायचं ठरलं. ते विकायला आलेले ढोबळे म्हणाले, "दाखवण्याआधी टाकी स्वच्छ धुऊन ठेवा." रोज टाकी धुणाऱ्या अनुसयाबाईंना तिथेच शंका आली. धुतलेल्या टाकीत हे यंत्र काय धुणार? पण चेअरमन तात्यासाहेबांनी यंत्रासाठी झेंडूचा हारसुद्धा आणून ठेवला होता.

"नवं यंत्र आहे, टाकीत आत हळदकुंकू लावून घेते," बाई म्हणाल्या. याला नाही कोण म्हणणार?

यंत्र पंधरा मिनिटं गरगरलं. ढोबळ्यांनी आत बॅटरी मारली. टाकी लखलखत होती.

"कुठेही पुसून बघा," ते ऐटीत म्हणाले.

बाईंनी त्यांचाच पांढरा रुमाल मागितला आणि दूध ढवळणाऱ्या पात्याच्या मागून फिरवला. रुमाल पिवळा झाला.

ढोबळे भडकले. "फवारा पोचणार नाही अशा जागी मुद्दाम हळद लपवलीत तुम्ही."

"लपवली ना. मी आज एकदाच लपवली," बाई म्हणाल्या. "दूध तिथे रोज लपतं, आणि लपून नासतं."

तात्यासाहेबांनी हार उचलला आणि भिंतीवरच्या गणपतीला घातला.